साळुंक्यांचा अभ्रा

आमच्या वाडीत कुणाच्या घरी मुलगी बघायला माणसं यायची ठरली, की आदल्या दिवसापासून त्या घरात सामानाची ये-जा सुरू व्हायची. खुर्च्या एकाच्या, कपबश्या दुसऱ्याच्या, पितळी तबक तिसऱ्याचं. त्यात कुणाला लाज वाटत नसे, पाहुण्यांनाही ते ठाऊक असे. पण एक गोष्ट मागून आणलेली आहे असं कुणी मेलं तरी कबूल करत नसे, ती म्हणजे भरतकाम. दाराचा पडदा, उशांचे अभ्रे, भिंतीवरची सुस्वागतमची चौकट, हे सगळं मुलीनेच केलेलं असायचं. निदान पाहुणे बस पकडेपर्यंत तरी.

आणि कट्टा गावाच्या अलीकडच्या आमच्या वाडीत हे सामान निघायचं एकाच घरातून, आमच्या. कारण ते करणारे हात एकच होते, माझ्या नणंदेचे, सुगंधाचे.

मी सुशीला, तिची वहिनी. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. सासू-सासरे गेलेले, आमचे हे मुंबईला गोदीत कामाला, वर्षातून गणपतीला यायचे. त्यामुळे घर, चार माड, एक म्हैस आणि लग्नाची नणंद, सगळं माझ्या गळ्यात. पैकी म्हैस सोडली तर कुणाचा त्रास नव्हता. सुगंधा तर इतकी गुणी, की मलाच कधी कधी तिची चीड यायची.

तिला शिकवलं कुणीच नव्हतं. बिस्किटांच्या डब्यावरचं चित्र बघायची आणि मांजरपाटावर उतरवायची. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांचा खेळ बघून आली, तर पंधरवड्यात आमच्या फळीवर चिंध्यांचे राजा-राणी बसले. चहाच्या किटलीवर घालायला तिने कापूस भरलेली कोंबडी केली होती. निळ्या साटिनच्या तुकड्यांचे बांगडे शिवून, त्यांना टिकल्यांची खवलं लावून त्याचं तोरण केलं, ते आम्ही दारावर लावलं आणि वाडीतल्या तीन मांजरांनी दार सोडलं नाही. आमचं घर म्हणजे शेणाने सारवलेली जमीन आणि नळीच्या कौलांचं छप्पर, पण आत आलेला माणूस पहिल्यांदा हसायचा. मला त्या घराचा अभिमान होता. बोलून दाखवत नव्हते इतकंच.

तर ही पोर सगळ्यांच्या मुली खपवत होती आणि स्वतः सव्वीस वर्षांची होऊन बसली होती. पत्रिकेत मंगळ. दोन स्थळं त्यावरून परत गेली, तिसऱ्याने तर चहाही घेतला नाही. मग गोवा मोकळा झाला त्या वर्षी, माघात, मालवणहून निरोप आला. गुरुदास नावाचा मुलगा, त्याच्याही पत्रिकेत मंगळ, घरचं काथ्याचं आणि शिडाच्या कापडाचं दुकान. जत्रेत त्याने सुगंधाला बघितलं होतं आणि आईला स्वतः सांगितलं होतं. सुगंधानेही त्याला बघितलं होतं. मी नाव काढलं तेव्हा ती उठून विहिरीवर गेली आणि रिकामी कळशी घेऊन परत आली. एवढं मला पुरे होतं. असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

गोम एकच होती. गुरुदासच्या थोरल्या भावाची बायको म्हणजे आमच्याच शेजारची जानकी.

जानकीला बघायला हीच मंडळी चार वर्षांपूर्वी आली होती. तेव्हा आमच्या घरातून यच्चयावत सगळं त्यांच्याकडे गेलं होतं. त्यात एक पडदा होता, त्यावर शिडं फुगलेला मचवा आणि वर बगळ्यांची रांग. जानकीची सासू पद्मावतीबाई त्या पडद्यापुढून हलेचना. शिडं शिवून घेणाऱ्या घरातली बाई, टाका ओळखणारी. हा पडदा कुणी केला, विचारलं तेव्हा जानकीने मान खाली घालून "मी" म्हटलं. कुणीही म्हटलं असतं. पण तिच्या बापाने उत्साहाच्या भरात तो पडदा काढला आणि पाहुण्यांना देऊन टाकला. सुगंधाचा पडदा, न विचारता! मी भांडायला निघाले होते, सुगंधाने माझा पदर धरून ठेवला.

लग्नानंतर पद्मावतीबाईंनी सुनेला साहजिकच आणखी भरायला सांगितलं. जानकीला तर बटण लावता येत नव्हतं. मग ती काय करायची, डोळे दुखतात म्हणून महिनाभर ढकलायची, आणि माहेरी येताना कापड घेऊन यायची. ते कापड आमच्याकडे यायचं. सुगंधा भरून द्यायची. चार वर्षांत मालवणच्या त्या घरात पडदे, अभ्रे, देवाचं आसन, पाळण्यावरचे पोपट सगळं सुगंधाच्या हातचं झालं, आणि गल्लीभर जानकीचं नाव. मी किती वेळा बजावलं असेल, की बाई गं, एक दिवस हे अंगाशी येईल. सुगंधाचं उत्तर ठरलेलं. जानकी तिची लहानपणापासूनची मैत्रीण, आणि भरायला तिला आवडतंच.

तर बघायला यायच्या आदल्या दिवशी भर दुपारी जानकी आमच्या दारात उभी. माहेरी जाते म्हणून सांगून निघाली होती. धाकटं पोर काखेत, चेहरा उतरलेला. आत आली, भिंतींकडे बघितलं आणि मटकन खाली बसली.

"वयनी, ह्या सगळा काडून ठेव," ती म्हणाली. "माझ्या सासून ह्यातला एक पाखरू बगल्यान तरी तिका समाजतला. मगे माका ती घरात ठेवची नाय."

मी तिला जे ऐकवायचं ते ऐकवलं. चार वर्षं दुसरीच्या जिवावर नाव मिळवलंस आणि आता तिचंच लग्न ठरायच्या वेळी तिच्या भिंती उघड्या करायला आलीस, असं तोंडावर म्हटलं. ती रडत सांगत राहिली, की सासूला खोटं खपत नाही. एका माडाच्या हद्दीवरून सख्खी बहीण खोटं बोलली, तर नऊ वर्षं तिच्याशी बोलणं नाही. मला दोन पोरांसकट परत पाठवेल, म्हणाली. तिची भीती खरी होती, ते दिसत होतं. म्हणून तर माझा राग आणखी वाढला, कारण खऱ्या भीतीपुढे भांडता येत नाही.

सुगंधा उठली, पाटावर चढली आणि दारावरचं बांगड्यांचं तोरण सोडायला लागली. मी तिचा हात धरला. तिला विचारलं, की उद्या ती बाई विचारेल मुलीला काय येतं, तर मी काय सांगू? काही येत नाही म्हणून सांगू? ती म्हणाली, तसंच सांग. स्वयंपाक येतो, शेतातलं येतं, तेवढं पुरे. गुरुदासने काही पडदे बघून निरोप धाडलेला नाही.

संध्याकाळपर्यंत आम्ही तिघींनी घर उतरवलं. कोंबडी, राजा-राणी, चौकटी, अभ्रे, सगळं पेटीत गेलं. जिथे जिथे काही होतं तिथे भिंतीवर फिकट चौकोन राहिले आणि खिळे. एका चौकोनावर मी जुन्या कॅलेंडरचं पान डकवलं, दुसऱ्यावर देवाची तसबीर. घर लुटून नेल्यासारखं दिसत होतं. जानकी शेजारी माहेरी गेली आणि मी म्हशीवर ओरडले, दुसरं कुणी हाताशी नव्हतं.

सकाळच्या बसने मंडळी आली. पद्मावतीबाई, गुरुदास आणि त्यांचे एक लांबचे भाऊ. आमच्या बाजूने पुरुषमाणूस म्हणून मी दाजींना, म्हणजे ह्यांच्या चुलतभावाला, बसवलं होतं. जानकी शेजारून आली आणि सासूच्या मागे भिंतीला टेकून बसली. पद्मावतीबाई उंच, सडसडीत, नऊवारीची निरी चापून बसवलेली. बोलणं कमी. बसायच्या आधी त्यांनी सगळ्या भिंतींवरून एकदा नजर फिरवली. खिळ्यांवर ती थांबत होती, मी बघत होते.

सुगंधा चहा घेऊन आली. गुरुदासने कप घेताना वर बघितलं आणि लगेच खाली बघितलं, पण त्या एवढ्याशा वेळात त्याचा चेहरा उजळला. चांगला मुलगा होता. नाव-गाव विचारून झालं, दोन ओळी वाचून घेतल्या, सोलकढीत नारळाचं किती दूध घालतेस तेही विचारून झालं. सगळं सरळ चाललं होतं. मला वाटलं, सुटलो.

मग पद्मावतीबाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "चेडवाक शिवणा-टिपणा येता?"

जानकी खाली बघत होती. सुगंधा माझ्याकडे बघत होती. ज्या पोरीने वाडीतल्या सात-आठ मुलींची घरं सजवून दिली तिच्याबद्दल हे शब्द तोंडातून काढायचे म्हणजे काय, ते मीच जाणे. "नाय," मी म्हटलं. "तसा काय येणा नाय तिका."

पद्मावतीबाईंनी मान हलवली. मग त्यांनी सुनेचं कौतुक सुरू केलं. आमच्या जानकीच्या हातचा पडदा बघायला वेंगुर्ल्याच्या बायका येऊन गेल्या, म्हणाल्या. तिचे डोळे हल्ली दुखतात, नाहीतर घराची एक भिंत तिने रिकामी ठेवली नसती. सुगंधा ऐकत होती. स्वतःच्या कामाचं कौतुक दुसरीच्या नावाने ऐकताना तोंडावर काय ठेवायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं. तिने होकारार्थी मान हलवली, बस्स. माझ्या मात्र कानशिलापर्यंत रक्त चढलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण बाई तयारीने आली होती. त्यांनी पिशवीतून एक पांढरा अभ्रा काढला. त्यावर कार्बनने साळुंक्यांची जोडी उतरवलेली होती, भरलेलं काही नव्हतं. सोबत सुई आणि रंगीत दोऱ्यांच्या लड्या. जानकीला दिवाळीत दिला होता, तो तसाच पडून आहे, म्हणाल्या. मग तो सुगंधाच्या मांडीवर ठेवला.

"घाल चार टाके," त्या म्हणाल्या. "येणा नाय तर नाय. माका फकत हात बगूचो आसा."

दाजींनी पान लावायचं थांबवलं. मी जानकीकडे बघितलं. ती पांढरीफटक पडली होती. सुगंधाने एकदाच तिच्याकडे बघितलं आणि सुई उचलली.

मी त्या पोरीला सुई धरताना पंधरा वर्षं बघत होते. तिच्या हातात सुई आहे हे दिसायचंही नाही, दोरा आपोआप कापडातून येतो असं वाटायचं. त्या दिवशी तिने सुई कोयत्यासारखी मुठीत धरली. पहिला टाका इतका लांब घेतला, की तो रेघेबाहेर गेला. दुसरा घालताना दोरा ओढून ओढून कापडाला सुरकुती पाडली. तिसऱ्याला बोटात सुई टोचून घेतली. कपाळावर घाम आला होता तिच्या. चांगलं भरायला तिला कधी कष्ट पडले नव्हते, हे वाईट भरायला पडत होते. हात सवयीने सरळ जायचा आणि ती त्याला अडवायची. मला बघवेना. मी दाराबाहेर बघत राहिले.

पद्मावतीबाईंनी अभ्रा घेतला, उजेडात धरला, उलटी बाजू बघितली. बराच वेळ बघितली. मग घडी घालून बाजूला ठेवला.

"राग मानू नको, बाय," त्या मला म्हणाल्या. "आमच्या घरात टाक्यावर माणसा जगतत. शिडाचो टाको सुटलो तर मचवो परत येणा नाय. येणा नाय ता शिकवक येता, पण हात असो जड आसलो तर शिकवन काय करतलंय? कळवतंव आमी."

कळवतो म्हणजे काय, हे मुलगी असलेल्या प्रत्येक घराला कळतं. गुरुदास "आये" म्हणाला, पण बाईंनी त्याच्याकडे न बघताच हात वर केला आणि तो गप्प झाला. दाजी काहीतरी पुटपुटले. मी तोंड उघडलं. होय, उघडलं, आणि सगळं ओकून टाकणार होते. पेटी उघडून त्या बाईच्या पुढ्यात रिकामी करणार होते. तेवढ्यात माझ्या मनगटावर सुगंधाचा हात पडला. तिची पकड इतकी घट्ट होती, की बोटांचे वळ उठले. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं, पण तिने मान हलवून मला नको म्हटलं. स्वतःचं लग्न समोर मोडत होतं आणि ती मैत्रिणीचं घर राखून बसली होती. त्या क्षणी मला तिच्या चांगुलपणाचा मनापासून संताप आला.

पुरुष खळ्यात, म्हणजे अंगणात, उतरले. चपला घालून झाल्या. पद्मावतीबाई पायरीवर आल्या आणि त्यांनी जानकीला हाक मारली, की तूही चल, पोराला घे.

जानकी उठली नाही.

"आई, जरा थांबा," ती म्हणाली. "तिका येता. आमच्या घरात पडदो आसा तो तिचो. अभ्रे तिचे, देवाचा आसन तिचा. चार वर्सां मी जा काय दिलंय ता सगळा सुगंधान भरल्यान. माका साधी कड दुमडूक येणा नाय."

एवढं बोलून तिने पोराला छातीशी धरलं आणि डोळे मिटून घेतले, आता काय व्हायचं ते होवो म्हणून. काखेतलं पोर मात्र रडायला लागलं.

पद्मावतीबाई पायरीवर तशाच उभ्या. मग मान न वळवता त्यांनी खळ्यातल्या पुरुषांना सांगितलं, की जरा मागच्या बाजूला जाऊन यांचे माड बघून या. माड बघण्यासारखं त्या चार माडांत काही नव्हतं. तिघेही मुकाट्याने गेले. गुरुदास जाताना दोनदा मागे वळला.

बाई परत ओटीवर येऊन बसल्या. जानकीकडे त्यांनी बघितलंही नाही. सुगंधाच्या समोर तो अभ्रा धरला आणि विचारलं, "हे वाकडे टाके मुद्दाम घातलंस?"

"होय," सुगंधा म्हणाली.

"हिच्यासाटी?"

"होय."

"ती गप रवली असती तर?"

"तर तुमी गेला असतास."

मला वाटलं, आता ही बाई उठेल आणि दोघींनाही धुडकावून जाईल. एकीने चार वर्षं फसवलं, दुसरीने पहिल्याच भेटीत. मी तिच्या जागी असते तर गेलेच असते. पण पद्मावतीबाई बसून राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता खरा, पण त्याच्या मागे आणखी काहीतरी चाललं होतं, ते मला लगेच ओळखता आलं नाही. हिशेब म्हणावा तर तसा. वेंगुर्ल्याच्या बायका, गल्लीतल्या बायका, हळदीकुंकवाला आलेल्या बायका, सगळ्यांपुढे त्यांनी स्वतः मिरवलेला तो पडदा त्यांना आठवत होता.

"पोर माका पसंत आसा," शेवटी त्या म्हणाल्या. "पण एक आयक. पडदो जानकीचो म्हणान सगळ्या मालवणाक मीच सांगीत सुटलंय. आता ह्या भायर पडला तर लोक माझ्या तोंडार हसतीत. तेवा झाला ता झाला. आमच्या घरात जा भरला जातला ता जानकीचा, ह्याच्याफुडे पण. तू भर. नाव तिचा."

म्हणजे खरं बोलूनही काही झालं नाही. जानकीने जीव मुठीत धरून जे सांगितलं ते बाईंनी उचललं आणि पुन्हा पेटीत घातलं. जानकीने डोळे उघडले. ती "आई, नको" म्हणाली, पण तिला कोण विचारतं? मी सुगंधाकडे बघत होते. एका शब्दाचं काम होतं. हो म्हटलं, की गुरुदास तिचा, घर तिचं, जन्माची वणवण संपली. आणि हो म्हटलं, की मरेपर्यंत दुसरीच्या नावाने सुई धरायची. मला स्वतःला काय हवं होतं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. हो म्हण, असं एक मन ओरडत होतं. सत्तावीस लागेल पोरी, हो म्हण.

सुगंधाने बाईंच्या हातातून अभ्रा घेतला, सुईच्या टोकाने आपले तिन्ही वाकडे टाके एकेक करून उसवले आणि कापड मांडीवर ठेवून तळव्याने सरळ केलं. नवा दोरा घेतला. मग ती भरायला लागली.

पोर रडायचं थांबलं होतं. मागे माडांखाली दाजी पाहुण्यांना काहीतरी मोठमोठ्याने समजावत होते, तेवढाच आवाज. सुगंधाचा हात आता मोकळा चालत होता. साळुंकीची चोच झाली, पिवळी, टोकाशी किंचित वाकलेली. मग मान. लांब टाक्यात आखूड टाका मिसळत ती रंग असा उतरवत होती, की मान वळलेली वाटावी. पद्मावतीबाई पुढे वाकल्या. ज्या हाताची चार वर्षं त्यांनी वाखाणणी केली तो हात त्या पहिल्यांदा काम करताना बघत होत्या, आणि त्यांना ते लपवता येत नव्हतं.

मान पुरी झाल्यावर सुगंधाने दोरा तोडला. अभ्रा बाईंच्या मांडीवर ठेवला.

"आदी दिलंय ता दिलंय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "ता जानक्याचा. ता मी कोणाक सांगूचंय नाय आणि परत मागूचंय नाय. पण ह्याच्याफुडे माझ्या हातान भरतलंय ता माझा. हो अभ्रो माझो. ह्याका दुसऱ्याचा नाव देतलास तर माका ह्या लगीन नको."

संपलं सगळं, वाटलं. मंगळाची पोर, बापाविना, भाऊ मुंबईला, आणि होणाऱ्या सासूला तोंडावर असं. सुगंधाने हात पदराखाली घेतले होते.

पद्मावतीबाईंनी अभ्रा उजेडात धरला. सुलट बघितला, उलट बघितला. नंतर मान वळवून, इतक्या वेळात पहिल्यांदा, जानकीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. जानकी भिंतीला आणखी चिकटली. बाईंनी हात पुढे करून पोराला आपल्याकडे घेतलं आणि मांडीवर बसवलं, एवढंच.

मग अभ्रा सुगंधासमोर धरून त्या म्हणाल्या, "एकीची चोच आणि मान झाली. रवलेला खंय भरतलंस? हयसर, काय थयसर?"

सुगंधाला कळायला थोडा वेळ लागला. मला लागला नाही: थयसर म्हणजे तिथे, मालवणच्या घरात, आणि या वेळी बाईंनी जानकीचं नाव घेतलं नव्हतं.

"थयसर," ती म्हणाली.

पद्मावतीबाईंनी अभ्र्याची घडी घातली आणि सुईसकट तिच्याच हातात दिली. मी खळ्यात गेले आणि दाजींना हाक मारली, माड बघून झाले असतील तर पाहुण्यांना घेऊन या म्हणून.